आधी धुराचं बघा

अमेरिकेतल्या घराचे फोटो भारतात दाखवले की नातेवाइकांची नजर हमखास एका गोष्टीवर थांबते, ती म्हणजे दिवाणखान्यातली फायरप्लेस. विटांचा कोनाडा, वर लाकडी फळी, फळीवर मुलांचे फोटो आणि खाली जाळीमागे धडधडणारे ओंडके. इंग्रजी सिनेमांनी आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांनी हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसवलं आहे, की त्या कोनाड्यामुळे घर खरोखर गरम होतं का, हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. "तुमचं काय बाई, रोज शेकोटी!" असं माझी नणंद दर थंडीत फोनवर म्हणते.

खरं उत्तर असं, की उघड्या फायरप्लेसमुळे घर फारसं गरम होत नाही. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीत येते, बाकीची धुराड्यातून थेट आकाशात जाते. शिवाय आग पेटती ठेवायला हवा लागते, ती घरातली आधीच गरम केलेली हवा असते. ती वर ओढली गेली, की तिच्या जागी दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गोठलेली हवा आत येते. त्यामुळे शेकोटीसमोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोलीत झोपलेल्याला आणखी एक रजई लागते.

यावर उपाय म्हणून त्याच कोनाड्यात एक बंद लोखंडी पेटी बसवतात. तिला इथे फायरप्लेस इन्सर्ट म्हणतात. पुढे उष्णता सोसणारी काच, आत उष्णता धरून ठेवणाऱ्या विटा, हवा कमी-जास्त करायला एक दांडी आणि वर धुराड्याला जोडलेली नळी. चांगल्या इन्सर्टमध्ये लाकडातली सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात राहते. आमच्याकडे ही पेटी २००९ सालापासून आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाची ताटं हातात आली, की कुणी ना कुणी जवळ येऊन विचारतंच, "कोणती घेतलीत? कितीला पडली?" त्या दोन प्रश्नांची उत्तरं एका दमात देता येत नाहीत. म्हणून हा सविस्तर लेख.

सहा दिवसांचा अंधार

आम्ही राहतो न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागात, नॅशुआ शहराजवळ. या भागातली पुष्कळ घरं तेलावर गरम होतात. तळघरात तेलाची टाकी आणि बॉयलर, महिन्या-दीड महिन्याने टँकर येऊन टाकी भरून जातो. २००८ च्या उन्हाळ्यात या तेलाचा भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला आणि घरोघरी थंडीच्या आधीच हिशेबाच्या वह्या उघडल्या गेल्या.

त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या रात्री बर्फाचं वादळ आलं. नेहमीचा भुसभुशीत बर्फ नव्हे. पाऊस पडत होता आणि पडेल तिथे गोठत होता. फांदी न् फांदी, तार न् तार काचेच्या नळीत घातल्यासारखी दिसत होती. मग त्या वजनाने झाडं मोडायला लागली. रात्रभर बंदुकीच्या बारासारखे आवाज येत होते. एकट्या न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. काही ठिकाणी ती परत यायला दोन आठवडे लागले. आमच्याकडे सहाव्या दिवशी आली.

बॉयलरची टाकी तेलाने भरलेली होती, पण बॉयलर चालतो विजेवर. म्हणजे तेल असून थंडी. आम्ही फायरप्लेसमध्ये लाकडं जाळली, तरी तिसऱ्या दिवशी जेवणघरात पारा आठ अंश सेल्सियसवर उतरला. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. वय बहात्तर, आणि दम्यासारखा त्रास. थंडीने खोकला, आणि शेकोटीजवळ नेलं तर धुराने खोकला. अखेर चौथ्या दिवशी रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही बॉस्टनजवळच्या एका मराठी स्नेह्यांकडे मुक्काम हलवला.

त्या हिवाळ्यात इथल्या डॉक्टरांनी आईंची छाती तपासली, चित्रं काढली आणि मला विचारलं, "या किती वर्षं सिगारेट ओढत होत्या?" मी मराठीत सांगितल्यावर आई हसल्या. "सांग त्यांना, चाळीस वर्षं चूल फुंकली." कोकणातलं घर, पावसाळ्यातली ओली लाकडं, हातात फुंकणी आणि कौलांतून वाट शोधणारा धूर. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना ते लगेच समजलं.

त्यामुळे पुढच्या थंडीआधी लाकडावर चालणारं, वीज गेली तरी घर गरम ठेवणारं काहीतरी घ्यावं असा विषय घरात निघाला, तेव्हा मी आईंच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "घे की. पण अगं, आधी धुराचं बघ. आच काय, कशीही मिळते." पुढचे चार महिने मी जे वाचलं आणि दुकानांतून जे ऐकलं, त्याचं सार या एका वाक्यात होतं.

धूर म्हणजे वाया गेलेलं जळण

गंमत अशी, की ज्या दोन माणसांनी फायरप्लेस सुधारण्यासाठी डोकं चालवलं, ते दोघेही याच परिसरातले. बेंजामिन फ्रँकलिन जन्माने बॉस्टनचा. त्याने उघड्या कोनाड्याऐवजी लोखंडी पेटी बनवली, १७४४ साली तिची माहितीपुस्तिका छापली आणि देऊ केलेलं पेटंट नाकारलं. इतरांच्या शोधांचा आपण फायदा घेतो, तर आपल्या शोधाचाही इतरांना व्हावा, हे त्याचं म्हणणं. पण त्या पेटीत धूर खाली वळवून मग वर नेलेला होता आणि तो वाट धरायला कुरकुर करी. दुसरा काउंट रम्फर्ड. मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन, जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नचा. पुढे तो युरोपात गेला आणि पदवी घेताना त्याने आमच्या राज्याच्या राजधानीचं जुनं नाव घेतलं. आजचं कॉन्कॉर्ड म्हणजे त्या काळचं रम्फर्ड. त्याने १७९६ साली दाखवून दिलं, की कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला, तर धूर नीट वर जातो आणि उष्णता खोलीकडे फेकली जाते.

या दोघांच्या पुढची पायरी आपल्या काळातली. लाकूड पेटतं म्हणजे काय होतं? आधी त्यातलं पाणी उडून जातं. मग तापलेल्या लाकडातून वायू सुटतात. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंतच असते. पुरेशी आच आणि पुरेशी हवा मिळाली तर ते जळतात, नाही मिळाली तर धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे पैसे देऊन आणलेलं, पण न जळलेलं सरपण. तो थंड धुराड्याला चिकटला, की डांबरासारखी चिकट काजळी धरते आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते. धुराड्यातली आग ही इथल्या अग्निशामक दलाच्या नेहमीच्या कामांपैकी एक आहे.

आजच्या इन्सर्टमध्ये धूर जाळण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पेटीच्या छताशी भोकं पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा सुटते आणि धूर वरच्या वर पेटतो. काचेतून बघताना गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा छताला लोंबताना दिसतात. दुसरीत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला उत्प्रेरक बसवलेला असतो. तो धूर कमी तापमानालाही जाळतो, म्हणून मंद आचेवर रात्रभर उष्णता मिळते. पण काही वर्षांनी तो झिजतो आणि नवा घ्यायला काहीशे डॉलर पडतात. दोन्हींचा मेळ घालणाऱ्या पेट्याही आता मिळतात.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने या शेगड्यांना पहिल्यांदा १९८८ साली नियम लावले. त्यात नळ्यांच्या शेगडीला तासाला साडेसात ग्रॅमपर्यंत धुराचे कण सोडायची मुभा होती. मे २०२० पासून ही मर्यादा दोन ग्रॅमवर आली आहे. चाचणी प्रत्यक्ष फोडलेल्या लाकडावर घेतली तर अडीच ग्रॅम. प्रमाणित पेटीच्या मागे किंवा बाजूला धातूची पट्टी असते. दुकानात काचेची नक्षी बघण्याआधी ही पट्टी बघावी.

आम्ही काय पाहिलं, काय टाळलं

पहिल्यांदा गॅसचा विचार केला, पण आमच्या रस्त्यावर गॅसची वाहिनी नाही. मग लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी पेटी पाहिली. स्वच्छ, सोपी, पिशवी ओतली की काम झालं. पण गोळ्या आत ढकलणारा पेच आणि पंखा दोन्ही विजेवर चालतात. वीज गेली की बॉयलरसारखीच तीही मुकी. ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. सहा दिवस अंधारात काढलेल्या आम्हाला ती परवडणारी नव्हती.

जुन्या पेट्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत दीड-दोनशे डॉलरला मिळत होत्या. माझा नवरा एक बघून आला. चाळीस वर्षांपूर्वीची, जाडजूड, पण मागे पट्टी नाही, सोबत पुस्तिका नाही. पुस्तिका नसली की लाकडी चौकटीपासून किती अंतर सोडायचं, पुढची फरशी किती रुंद हवी, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. नगरपालिकेचा परवानाही अडतो आणि घराच्या विमा कंपनीचे प्रश्नही सुरू होतात. स्वस्त घ्यायचीच असेल, तर जुनी घेण्यापेक्षा नव्यातली साधी घ्यावी. पितळी मूठ, रंगीत मुलामा, कमानदार दरवाजा यांचे पैसे वाचवले तरी आग तितकीच चांगली जळते.

मग आकार. दुकानदार मोठीकडे बोट दाखवतो आणि आपल्यालाही वाटतं, थंडी मोठी तर पेटी मोठी. पण मोठ्या पेटीने खोली तासाभरात तापते, मग माणूस हवेची दांडी बंद करत जातो आणि आत लाकूड धुमसत राहतं. धुमसणं म्हणजे पुन्हा धूर, पुन्हा काजळी. लहान पेटीत जोरदार जळलेली आग मोठ्या पेटीत घुसमटलेल्या आगीपेक्षा केव्हाही बरी. आम्ही दोन घनफूट पोटाची, नळ्यांची पेटी घेतली.

चौथा मुद्दा दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. काही इन्सर्ट भिंतीशी अगदी सपाट बसतात. दिसायला सुरेख, पण त्यांची उष्णता बाहेर आणायला पंखा लागतो, म्हणजे वीज लागते. काही पेट्या वीतभर पुढे आलेल्या असतात. त्यांच्या अंगाची उष्णता पंख्याशिवायही खोलीत येते आणि वर किटली ठेवता येते. आमची पुढे आलेली आहे. पंखा तिलाही आहे, एरवी तो चालवतो. पण वीज गेली तरी खोली ऊबदार राहते, आणि वरणभाताचं पातेलं गरम होतं.

पेटी निम्मी, धुराडं निम्मं

"कितीला पडली?" याचं उत्तर. पेटी सतराशे डॉलर. धुराड्यात वरपासून खालपर्यंत सोडायची सहा इंची स्टेनलेस स्टीलची नळी आणि तिचं वेष्टण आठशे. बसवणाऱ्याची मजुरी, तपासणी आणि परवाना मिळून नऊशे. एकूण चौतीसशे. त्या वर्षी केंद्र सरकारची तीस टक्के करसवलत होती, तिच्यातून हजार डॉलर परत आले. अशीच सवलत २०२३ ते २०२५ या वर्षांतही होती. आज खर्च बराच वाढला आहे, तेव्हा माझ्या आकड्यांपेक्षा त्यांची वाटणी लक्षात ठेवावी. निम्मा खर्च पेटीचा, निम्मा धुराड्याचा.

ही नळी टाळून पैसे वाचवण्याचा मोह पुष्कळांना होतो. विटांचं धुराडं आहेच, मग आत आणखी नळी कशाला? कारण ते धुराडं उघड्या शेकोटीसाठी बांधलेलं असतं, ऐसपैस. इन्सर्टमधून थोडाच आणि मानाने थंड धूर निघतो. मोठ्या पोकळीत तो रेंगाळतो, गार होतो आणि भिंतींना काजळी धरतो. आमच्या धुराड्यात कॅमेरा सोडला, तेव्हा आतल्या दोन कवेलू-नळ्यांना भेगा दिसल्या. नळी नसती तर त्या भेगांतून उष्णता लाकडी भिंतीपर्यंत पोचली असती. म्हणून आधी प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडून धुराडं तपासून घ्यावं आणि मगच पेटीच्या दुकानात पाऊल टाकावं. त्यानंतर दरवर्षी एकदा तपासणी आणि सफाई. घरात कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा, आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून घराबाहेर. निखारे राखेत दोन-तीन दिवसही जिवंत राहतात, हे चुलीवर वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आईंची परीक्षा

राहिलं लाकूड. ते इथे कॉर्डवर विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रास, म्हणजे १२८ घनफूट. एक कॉर्ड सुका ओक चांगल्या इन्सर्टमध्ये जाळला, तर साधारण दीडशे गॅलन तेलाइतकी उष्णता घरात येते. तेव्हा हिशेब सोपा आहे. आपल्या गावातला कॉर्डचा भाव आणि दीडशे गॅलन तेलाचा भाव शेजारी मांडावेत. तेल चार डॉलर असेल तर सहाशे, अडीच असेल तर पावणेचारशे. लाकूड त्याहून बरंच स्वस्त मिळत असेल तरच पेटीचे पैसे काही वर्षांत वसूल होतील. फरक थोडाच असेल तर निव्वळ बचतीसाठी या फंदात पडू नये.

पण हा सगळा हिशेब सुक्या लाकडाचा आहे. सुकं म्हणजे ज्यात पाणी वीस टक्क्यांहून कमी. लाकूडवाला प्रत्येक रास "सुकलेली" म्हणूनच विकतो. एप्रिलमध्ये आई परत जायच्या आधी आम्ही एका वखारीत गेलो. मी पाणी मोजायचं छोटं यंत्र घेऊन गेले होते. आईंनी राशीतली दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली. 'थप्प' असा आवाज आला. "ओली आहेत." त्यांनी टोकं पाहिली, भेगा नव्हत्या. हातात तोलून पाहिली. मी एक लाकूड फोडून घेतलं आणि आतल्या अंगाला यंत्र टेकवलं. एकतीस टक्के. दुसऱ्या राशीतली लाकडं 'टण्ण' वाजली. यंत्र म्हणालं, अठरा. वखारवाला आईंकडे बघत राहिला.

ओक सुकायला एक ते दोन वर्षं लागतात, ॲश त्याहून लवकर सुकतो. आम्ही वसंतातच लाकूड घेतो, जमिनीपासून उचलून, वारा खेळेल अशी रास रचतो आणि फक्त वरून झाकतो. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, रंगीत कागद पेटीत घालत नाही. लाकूड जवळच्याच गावातून घेतो, कारण लांबून आणलेल्या लाकडातून झाडांचे किडे प्रवास करतात. २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेला हिरवा भुंगेरा ॲशची झाडं खात आता आमच्या राज्यातही येऊन पोचला आहे.

शेजाऱ्याच्या खिडकीत

आपल्या खोलीतला धूर गेला म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. धूर धुराड्यातून बाहेर पडतो आणि कुणाच्या तरी अंगणात उतरतो. आमच्या राज्यातलं कीन हे गाव डोंगरांच्या वाटीत बसलेलं आहे. थंडीच्या शांत रात्री वर गरम हवेचं झाकण बसतं आणि गावातल्या शेगड्यांचा धूर खालीच कोंडून राहतो. मग सरकारी सूचना निघते. माँटॅना राज्यातल्या लिबी या गावाने २००५ पासून दोन-तीन वर्षांत अकराशेहून अधिक जुन्या शेगड्या बदलल्या, तेव्हा तिथली हिवाळ्यातली हवा स्पष्टपणे सुधारली. शेगडी कितीही चांगली असली तरी तिच्यातून काही कण सुटतातच. घरात कुणाला दमा असेल, गाव दाट वस्तीचं असेल आणि दुसरी सोय असेल, तर लाकूड न जाळणं हेच शहाणपणाचं.

आम्हीही रोज पेटी पेटवत नाही. कडक थंडीत आणि वीज गेल्यावर पेटवतो. पेटल्यावर वीस मिनिटांनी मी अंगणात जाऊन धुराड्याच्या टोकाकडे बघते. तिथे नुसती थरथरती हवा दिसली तर ठीक. पांढरा-करडा धूर दिसला तर हवा वाढवायची, लाकूड तपासायचं.

२०१० च्या डिसेंबरात आई पुन्हा आल्या. पहिल्या दिवशी त्या पेटीपासून लांब, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. मी दार उघडून लाकूड घालायला गेले की त्यांचा हात सवयीने पदराकडे, पदर नाकाकडे. दार आधी बोटभर उघडून थांबायचं, धूर वर ओढला गेला की मग पूर्ण उघडायचं, हे मी त्यांना दाखवलं. आठवडाभरात त्या जवळ सरकल्या. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तिकडे असं काही करता येईल का गं?"

करता येतं, आणि लोकांनी केलंही आहे. आपल्याकडे १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींची देशव्यापी मोहीम काढली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस पोचला. तरी सिलिंडर परवडेनासा झाला की गावाकडे चूल पुन्हा पेटतेच. तिथेही नियम हेच, फक्त काच आणि पितळी मूठ नाही: लाकूड सुकं असावं, आगीला पुरेशी हवा मिळावी आणि धुराला छपराबाहेर नेणारी स्वतःची वाट असावी. चाळीस वर्षं चूल फुंकणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात एक धुराडं बांधायला फार पैसे लागले नसते. तेव्हा घरातल्या कुणालाच तो खर्च महत्त्वाचा वाटला नव्हता.

म्हणून गणेशोत्सवात कुणी "कोणती घेतलीत?" असं विचारलं, की मी कंपनीचं नाव शेवटी सांगते. आधी विचारते, तुमच्या घरात कुणाची छाती नाजूक आहे, धुराडं शेवटचं कधी तपासलं, आणि लाकूड रचून ठेवायला जागा कुठे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असली, की पेटी निवडायला एक शनिवार पुरतो.